न मिटणारी छत्री

सांगवखेड्याच्या मारुतीच्या पारासमोर त्या मंगळवारी सकाळी एवढी गर्दी झाली, की रतिलाल नानांची नवी कोरी मोटरसायकल कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून आडवी पडली आणि नाना ओरडलेसुद्धा नाहीत. एरवी तिच्यावर कबुतर बसलं तरी नाना त्या कबुतराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. यावरून ओळखा, चमत्कार केवढा असेल!

चमत्काराचं नाव होतं दिशानाथ महाराज. भगवी कफनी, पोटापर्यंत दाढी, दोन्ही मनगटांवर रुद्राक्षांच्या माळा, त्यातही डाव्या मनगटावर माळांखाली भगव्या कापडाची जाड पट्टी. मूळ ठिकाण कुणी म्हणे गिरनार, कुणी म्हणे नेपाळ. त्यांच्या मागे चार पावलांवर त्यांचा पट्टशिष्य शालिग्राम उभा. साक्रीकडचा, पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याच्या हातात लाल मखमलीची, सोनेरी झालरीची भलीमोठी छत्री. आता पौष महिना. आभाळात ढग नाही की डोळे दिपवणारं ऊन नाही. लोक स्वेटर घालून मुद्दाम उन्हात येऊन बसलेले. तरी छत्री उघडीच. आणि बरं, ती महाराजांच्या डोक्यावरही नव्हती!

"बच्चा लोग, पूछते हैं छाता किसके लिए?" महाराज गरजले. त्यांची भाषा हिंदीत सुरू व्हायची, गुजरातीला वळसा घालायची आणि देणगीपेटीचा विषय निघाला की चोख मराठीत यायची. "ये छाता मेरे लिए नहीं. माझ्या मागे चार पावलांवर दिशादेवी चालते. तुम को दिखती नहीं, मुझे भी दिखती नहीं. पण ती सांगते, नि मी चालतो. छाता बंद, तो देवी बंद!"

"बोला दिशादेवीचा..." शालिग्राम ओरडला.

"विजय असो!" गाव ओरडलं.

मग डोळे बांधायचा कार्यक्रम झाला. पहिली पट्टी मोहाची, दुसरी मायेची, तिसरी क्रोधाची, अशा सात पट्ट्या. सातवी अज्ञानाची. ती सगळ्यांत जाड होती. गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या चिंधा आबांनी स्वतः गाठ मारून पाहिली आणि महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

"आता गावाच्या शिवेवरच्या मरीआईच्या ठाण्यापर्यंत जाऊ," महाराज म्हणाले. "आम्ही तुमचं गाव कधी पाहिलं नाही."

आणि निघाले की हो! डोळे बांधलेला माणूस पारावरून उतरला, पिठाच्या गिरणीशी बरोबर डावीकडे वळला, दूध डेअरीपाशी उजवीकडे वळला. पाठीमागे छत्री, छत्रीमागे भजनी मंडळ, भजनी मंडळामागे अख्खं गाव. बायका तोंडात बोटं घालत होत्या.

या गर्दीत, सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ छत्रीच्या झालरीखाली, नववीतली भूमिका चालत होती. तिला पुढेच राहायचं असतं. पूर्वी ती वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीला "उपस्थित" म्हणतानासुद्धा तिचा आवाज फुटायचा नाही. पण महिन्यापूर्वी यावलला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा दुसरा नंबर आला, आणि तेव्हापासून तिच्या आवाजाला जे पाय फुटले, ते थांबेचनात. आई म्हणायची, "दुसराच आला ते बरं. पहिला आला असता तर घरात राहता आलं नसतं."

तर भूमिका बघत होती आणि तिलाही अंगावर शहारा आला होता. खोटं कशाला बोला! महाराज खरंच वळत होते.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. डेअरीपुढे कुणाची तरी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. महाराज थेट तिच्या मागच्या लोखंडी फाळक्यावर जाऊन आदळले.

"आई गं!" महाराज म्हणाले. अगदी शुद्ध मराठीत.

भूमिकाला खुदकन हसू आलं.

"काय वं पोरी, दात काढू राह्यली?" चिंधा आबा वळून म्हणाले. "देवाच्या कामात हसू नाई."

"आबा, देवीला गल्ली दिसते, मग ट्रॉली कशी नाही दिसली?"

"ट्रॉली आज आली ना भो इथं! देवीले काय माहीत?"

आबा बोलून गेले आणि पुढे चालू लागले. भूमिकाच्या डोक्यात मात्र ते वाक्य अडकलं. खरंच की! जी वस्तू काल तिथे नव्हती, ती देवीला माहीत नव्हती.

पुढे शाळेच्या कुंपणाशी शालिग्रामच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो खाली बसला. छत्री त्याने खांद्याला टेकवून धरली आणि काटा काढू लागला. महाराज पुढे चाललेले. पाच पावलं, दहा पावलं, पंधरा पावलं... आणि मग ते एकदम थबकले. डावीकडे मान, उजवीकडे मान. डाव्या हाताचं मनगट कानाशी नेलं, छातीशी धरलं. पुतळा झाला महाराजांचा.

"शालिग्राम!" ते दबक्या आवाजात म्हणाले. "छाता!"

शालिग्राम लंगडत, धापा टाकत जवळ आला. महाराजांचं मनगट किंचित शहारलं आणि ते पुन्हा तुरुतुरु चालायला लागले.

भूमिका जागच्या जागी उभी राहिली. मागच्या तीन बायका तिच्यावर आदळल्या.

हे तिने पाहिलं होतं! अगदी असंच थबकणं, अगदी असंच पुन्हा सुरू होणं, महिनाभर रोज पाहिलं होतं. तिच्या प्रदर्शनातल्या प्रकल्पात गावातल्या सगळ्या विहिरींचा नकाशा होता. तो काढायला योगराज सरांनी त्यांचा जुना टॅब्लेट दिला होता. पण त्या टॅब्लेटला आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते कळायचंच नाही. आकाशातले उपग्रह सारखे हाका मारत असतात, त्या ऐकून फोन आपली जागा ठरवतो. टॅब्लेट बिचारा ठार बहिरा. मग सरांनी युक्ती शिकवली. पप्पांच्या फोनने उपग्रहांचं ऐकायचं आणि बिनतारी टॅब्लेटच्या कानात सांगायचं. फोन खिशात, टॅब्लेट हातात, झकास चालायचं. फक्त फोन घेऊन कुणी मागे राहिलं, पंधरा-वीस पावलांचं अंतर पडलं, की टॅब्लेटवरचा ठिपका गोठायचा. फोन जवळ आणला की पुन्हा चालू.

म्हणजे महाराज कोण? महाराज म्हणजे सरांचा टॅब्लेट!

मग फोन कुठे असणार, हे काय वेगळं सांगायला पाहिजे? थंडीच्या दिवसांत छत्री उगाच कोण उघडी ठेवतो?

ठाण्यापाशी पोचल्यावर महाराजांनी दगडाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, हातांनी चाचपलं आणि दगडाला मिठी मारली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भूमिकाला प्रदक्षिणांचाही अर्थ लागला. उपग्रहांनी सांगितलेली जागा चार-पाच पावलं इकडे-तिकडे असते. तेवढी चूक पोटात घालायला प्रदक्षिणेइतकी पवित्र गोष्ट दुसरी नाही.

ती ओरडणारच होती. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण महाराज आधी बोलले.

"तुमच्या गावात, जमिनीखाली, दिशादेवीची स्वयंभू मूर्ती गुदमरते आहे! शुक्रवारी आम्ही डोळे बांधून तिला शोधू. जिथे निघेल, ती जमीन देवीची. तिथे मंदिर. मालकाने खुशी से देनी. नाही दिली तर..." महाराजांनी जीभ बाहेर काढली. "गाव का पानी आटेल."

"मले तर वाटते," रतिलाल नाना खाकरून म्हणाले, "देवी रस्त्याच्या कडेलेच निघंन. भाविकांची सोय देवीले कळते ना भो!"

भूमिकाचं तोंड मिटलं. रस्त्याच्या कडेला एकच केळीचा बाग होता. बेबाकाकूचा.

*

बेबाबाई म्हणजे भूमिकाची सख्खी काकू. काका गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून रस्त्यालगतचा तो एक एकर काकू एकटी बघत होती. बागेमागे रतिलाल नानांचं बारा एकर शेत. त्याला रस्ता नाही. नानांनी काकूकडे वाट मागितली, मग जमीन मागितली, मग रागावून बोलणं बंद केलं. आणि बोलणं बंद झाल्यावर दोन महिन्यांत गावात महाराज आले. योगायोग बघा! तिथे मंदिर झालं, की मागच्या शेताला वाट आपोआपच.

"मी नाही देणार, मी नाही देणार, असं गावापुढे कसं म्हणू वं?" काकू बागेच्या बांधावर बसून म्हणाली. "माणसाले नाही म्हनता येते. देवीले नाही म्हनलं, आन् उद्या कोन्हाच्या विहिरीचं पानी गेलं, तर लोक माह्या दारात येतीन."

"काकू, देवी नाही, फोन आहे तो." भूमिकाने सगळं सांगितलं. हातवारे करून, उड्या मारून, छत्रीच्या जागी केळीचं पान धरून सांगितलं.

काकूने शांतपणे ऐकलं. "बरं. तुह्या फोनले वाट माहीत हाय. पन मूर्ती त्याईनं कुठी पुरली?"

"ते मला काय माहीत!"

"मंग मले पाहू दे."

आता केळीचा बाग परक्याला कसा दिसतो? हिरव्या भिंती. सगळीकडे सारखी झाडं, सारख्या ओळी, डोक्याच्या वर पानंच पानं. पाच पावलं आत गेलं की पूर्व-पश्चिम विसरायला होतं. लहानपणी भूमिका इथेच हरवून भोकाड पसरायची, आणि काकू बाहेरून ओरडायची, "रडू नको! खाली ठिबकची नळी दिसते ना? ती धरून ये!" ठिबकच्या सगळ्या काळ्या नळ्या शेवटी रस्त्याकडच्या मोठ्या पाइपाला मिळतात. नळी धरली की माणूस बाहेर. खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

काकू एकेका ओळीने वाकून नळ्या बघत निघाली. सातव्या ओळीत थांबली. बसली.

"हा जोड माह्या हातचा नाई."

नळी कापून पुन्हा जोडलेली होती. काकूचे सगळे जोड काळे, हा निळा. खाली मातीही भुसभुशीत.

"आठ दिवसांमागं मी अमळनेरले माहेरी गेली होती," काकू म्हणाली. "तवाच केलेलं हाय हे."

दोघींनी हाताने माती उकरली. वीतभर खाली लाल कापड लागलं. कापडात शेंदूर फासलेली, चांदीचे डोळे चिकटवलेली हातभर मूर्ती. भूमिकाने ती उलटी केली. तळाशी अर्धवट खरवडलेलं लेबल. दुकानाचं नाव गेलं होतं. 'धुळे' राहिलं होतं आणि त्याखाली उभ्या काळ्या रेघा.

"स्वयंभू देवीला बारकोड!" भूमिका हसून हसून खाली बसली.

काकू हसली नाही. तिने मूर्तीच्या तोंडावरची माती पदराने पुसली. "हिले काय हसतेस? हिचा काय दोष? कालव्यात सोडून येऊ का?"

"नको. ही काढली तर ते दुसरी पुरतील. आहे तिथेच राहू दे. फक्त, काकू, शुक्रवारी छत्री आपल्या हातात पाहिजे."

"ते माह्यावर सोड," काकू म्हणाली आणि निळा जोड पुन्हा मातीखाली दाबला.

*

शुक्रवारी गावाला भरीत-पुरीचं जेवण होतं. वांगी भाजल्याचा वास सकाळपासून सुटला होता, त्यामुळे ज्यांचा देवीवर विश्वास नव्हता तेही हजर होते. महाराजांच्या डोळ्यांवर सात पट्ट्या चढल्या. मोह, माया, क्रोध वगैरे सगळं बांधून झालं. शालिग्रामने छत्री उचलली आणि तेवढ्यात बेबाकाकू गर्दीतून पुढे आली.

"आबा, एक इचारू?"

"इचार, बेबा."

"आपल्या कानबाई देवीचा चौरंग विसर्जनाले कोन्हाच्या डोक्यावर असते?"

"घरच्या सवाशिणीच्या, लेकीच्या. परक्याच्या नाई."

"मंग आज देवी गावाच्या लेकी-सुनांच्या संगतीनं निंघाले पाहिजे, का या साक्रीच्या पाव्हण्याच्या? देवीच्या डोक्यावर छत्री धरायचा मान आमच्या गावाच्या लेकीचा हाय. माही पुतणी धरंन."

शालिग्राम छत्रीचा दांडा छातीशी कवटाळून मागे सरकला. "नही, नही अक्का! हाई छत्री पवित्र शे. बाईमाणूसना हात नही लागाले पायजे!"

बस्स! एवढंच बोलायचा अवकाश, की दोनशे बायकांचा जो गलका उठला, तो शेजारच्या गावापर्यंत गेला असेल.

"देवी कोन हाय रे मेल्या? बाप्या हाय का?"

"बाईच्या देवीले बाईचा विटाळ?"

"आबा, तुम्ही बोला!"

चिंधा आबांनी काठी आपटली. "मान गावाचा हाय. छत्री पोरीच्या हाती दे."

महाराजांच्या डोळ्यांवर सात पट्ट्या होत्या, पण डोकं चालू होतं. छत्री कुणी का धरेना, छत्री मागे असली म्हणजे झालं. "दे दो, शालिग्राम," ते उदारपणे म्हणाले. "बेटी, चार कदम पीछे. समझी?"

"समझी, महाराज," भूमिका म्हणाली. छत्री चांगलीच जड होती. मखमलीची छत्री एवढी जड नसते.

मिरवणूक पारावरून निघाली, रस्त्याला लागली आणि काय आश्चर्य, बेबाकाकूच्या बागेशी वळली! रतिलाल नानांनी सगळ्यांत आधी हात जोडले. लोक एकेका ओळीतून मुंग्यांसारखे आत शिरले. काकू खुरपं घेऊन बांधावर उभी होती. "एक झाड मोडलं तर पाह्यजा!"

महाराज सहाव्या-सातव्या ओळीच्या मधून चालले होते. भूमिकाने हळूच दिशा बदलली. छत्री सांभाळत ती उजवीकडे सरकली, आठवी ओळ, नववी, दहावी. छत्रीतल्या फोनला वाटलं, आपण फार उजवीकडे आलो. त्याने ते बिनतारी महाराजांच्या मनगटाला कळवलं. मनगट थरथरलं: डावीकडे चला. चुकली होती छत्री. पण महाराजांना वाटलं, चुकलो आपण. ते डावीकडे वळले. सहावी ओळ गेली, पाचवी गेली. मनगट थरथरतंच होतं. चौथी गेली.

"देवी तिकडं चालली आन् महाराज इकडं?" मागून कुणी तरी पुटपुटलं.

"गप रे! देवीची लीला हाय."

मग भूमिका गुपचूप मागे येऊन सातव्या ओळीत शिरली. मनगट गप्प झालं. ठीक आहे, आता सरळ! ती सातव्या ओळीतून सरळ चालू लागली, महाराज तिकडे तिसऱ्या ओळीत सरळ चालू लागले. निळ्या जोडापाशी येऊन ती उभी राहिली.

तिकडे महाराजांचं मनगट लांबलचक थरथरलं. पोचलो!

"यहीं! इथेच! आली, आली, माँ आली!" महाराज किंचाळले, प्रदक्षिणेसाठी त्यांनी मोठ्या भक्तिभावाने पाऊल उचललं, आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. तिसऱ्या ओळीच्या टोकाला काकूने केळीची कापलेली खोडं कुजवायला खड्डा केला होता. सहा महिन्यांचं मुरलेलं खत होतं ते.

"खोदो!" महाराज तरीही म्हणाले. बाणा म्हणजे बाणा.

पाच जणांनी फावडी चालवली. गांडुळं निघाली. आणखी खोदलं. आणखी जाडी गांडुळं निघाली. लोकांनी नाकाला उपरणी लावली.

"देवी रूठ गयी!" महाराज म्हणाले. "कोणीतरी पायात चप्पल घातली आहे!"

सगळ्यांनी आपापले पाय पाहिले. तेवढ्यात चार ओळी पलीकडून खणखणीत आवाज आला.

"आबा! देवी रुसली नाही. ती इकडे आहे, छत्रीखाली!"

लोक पानं बाजूला करत धावले. भूमिका छत्री धरून उभी, आणि काकू खुरप्याने माती ओढत होती. वीतभर खाली लाल कापड, आणि कापडातून शेंदरी मूर्ती.

आणि मग जे झालं, ते भूमिकाच्या योजनेत अजिबात नव्हतं.

"पोरीच्या अंगात आली!" एक बाई किंचाळली. "देवी पोरीच्या अंगात आली!"

कुणी तरी तिच्या कपाळावर कुंकवाची मूठच लावली. कुणी तिच्या पायांवर नारळ ठेवला. चिंधा आबा, ज्यांनी तिला मंगळवारी "दात काढू राह्यली" म्हणून झापलं होतं, ते तिच्यापुढे वाकायला लागले. भूमिका छत्री धरून उभी. सांगायला हरकत नाही, पाच-सात सेकंद तिला ते आवडलं. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत! विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनीसुद्धा असं पाहिलं नव्हतं.

"देवीनं कौल देला!" रतिलाल नाना सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले. "याच जमिनीत मूर्ती निंघाली! बेबाबाई, आता मंदिर इथंच. गावापुढं सांग, जमीन देली!"

काकूने भूमिकाकडे पाहिलं. हातात खुरपं, आणि ओठ पांढरे पडलेले.

भूमिकाने कपाळावरचं कुंकू मनगटाने खसकन पुसलं.

"आबा, उठा! पाया पडू नका. माझ्या अंगात काही नाही. जे आहे ते छत्रीच्या अंगात आहे."

तिने छत्री उलटी करून जमिनीवर टेकवली. आतल्या बाजूला, अगदी टोकाशी, मखमलीचा कप्पा शिवलेला होता. तिने त्यात हात घालून एक फोन बाहेर काढला. पडद्यावर केळीच्या बागेचा नकाशा, नकाशावर एक लाल खूण आणि खुणेवर बसलेला निळा ठिपका.

"ही लाल खूण कुणी केली, शालिग्रामभाऊ?"

शालिग्रामने महाराजांकडे पाहिलं. महाराज खतात होते. "मी ते फक्त छत्री धरस," तो रडवेला होऊन म्हणाला. "महाराज बोलनात, जठे मूर्ती पुरी, तठे उभा राहीसन खूण कर. मी करी."

"आता महाराजांच्या डाव्या हाताची पट्टी सोडा!"

दोघा गड्यांनी महाराजांना खड्ड्यातून ओढून काढलं आणि पट्टी सोडली. रुद्राक्षांखालून निघालं एक काळं, चपटं, रबरी पट्ट्याचं घड्याळ.

"हे घड्याळ बहिरं आहे," भूमिका सांगू लागली, आणि आता ती थांबणार नव्हती. "आपण कुठे आहोत ते याला स्वतःला कळत नाही. फोनला कळतं. फोन उपग्रहांचं ऐकतो आणि जवळच्या घड्याळाला बिनतारी सांगतो. पडद्यावरच लिहिलंय, एकदा थरथरलं की डावीकडे, दोनदा थरथरलं की उजवीकडे, लांब थरथरलं की पोचलो. म्हणून छत्री जवळ लागते. म्हणून ती मिटत नाही. मिटली तर लोखंडी काड्यांचा फोनभोवती गराडा पडतो आणि उपग्रहांच्या हाका त्याला नीट ऐकू येत नाहीत. मंगळवारी महाराज वळणावर बरोबर वळले, कारण शालिग्रामभाऊ सोमवारी त्याच रस्त्याने फोन घेऊन फिरून गेले असणार. सोमवारी तिथे ट्रॉली नव्हती!"

"खोटं!" नाना ओरडले. "पोरीचं ऐकू राह्यले तुम्ही? शिकलेल्या पोरी अशाच..."

"मग खरं-खोटं करून बघू," भूमिका म्हणाली. "आबा, तुम्ही दिशानाथ होता का?"

चिंधा आबांनी आधी नाही म्हणून मान हलवली. मग खतात माखलेल्या महाराजांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. आणि घड्याळ बांधायला डावा हात पुढे केला. सात पट्ट्या त्यांच्याच डोळ्यांवर चढल्या. गाठ यावेळी काकूने मारली. त्यांना बांधावर नेऊन तीनदा गोल फिरवलं. भूमिकाने फोन छत्रीत ठेवला, छत्री उचलली आणि त्यांच्या अगदी मागे उभी राहिली.

आबा निघाले. थबकत, चाचपत. मनगट थरथरलं, वळले. दोनदा थरथरलं, उलटे वळले. शेवटी त्यांची काठी उकरलेल्या मातीत रुतली.

आबांनी पट्ट्या ओढून काढल्या. पायाशी मूर्ती होती. मग त्यांनी मनगट कानाशी नेऊन पाहिलं.

"देवी नाई," ते म्हणाले. "नुसत्या गुदगुल्या हाय."

पहिली काकू हसली. मग ती कुंकवाची मूठ लावणारी बाई, मग सगळा बाग. भूमिकाने मूर्ती उलटी करून तळाचं लेबल दाखवलं, तेव्हा तर लोक केळीच्या खोडांना धरून हसले. फक्त आबा हसले नाहीत.

"माहं ऐंशी वर्साचं डोकं मी त्याच्या पायावर ठेवलं," ते म्हणाले. "ट्रॉलीले धडकला तवा तूच इचारलं होतं, पोरी. मीच तुले गप केलं."

"गप नाही केलंत, आबा. उत्तर तर तुम्हीच दिलंत," भूमिका म्हणाली. मग गावाकडे वळून तिने आवाज चढवला. "देवाला मानायचं का नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण कुणी आपल्या देवाच्या नावाने आपल्याच माणसाची जमीन मागत असेल, तर हात जोडायच्या आधी एकदा छत्रीत बघा! विचारलं म्हणून कोणतीही खरी गोष्ट खोटी पडत नाही. विचारलं की उघडी पडते ती फक्त खोटी गोष्ट."

"पन नाना कुठी गेले?" कुणीतरी विचारलं. नाना नव्हते. लांब रस्त्यावर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"आन् महाराज?"

महाराजही नव्हते. हशा चालू असताना ते केळीत शिरून पसार झाले होते. तेवढ्यात बागेच्या पोटातून, खूप आतून, बारीक आवाज आला.

"अहो, कुणी आहे का? रस्ता कुठे आहे? मला वाट सापडत नाहीये!" हिंदी नाही, गुजराती नाही. स्वच्छ मराठी.

चारही दिशांचे नाथ एक एकराच्या बागेत हरवले होते.

गावच्या पोलीस पाटलांनी एव्हाना यावलला फोन लावला होता. पोलीस येईपर्यंत माणूस आतच राहू द्यावा, असं काहींचं मत पडलं. पण काकूने तोंडाशी हात धरून हाक मारली.

"महाराज! रडू नका! खाली पाहा. काळी नळी दिसते? ती धरून या! ती कोन्हाच्या अंगात येत नाई, पन रस्त्यावर आनून सोडते!"

थोड्या वेळाने पानं हलली. कमरेत वाकलेले, खताने माखलेले दिशानाथ महाराज, दोन्ही हातांनी ठिबकची नळी पकडून, एकेक पाऊल टाकत बाहेर आले. मूर्तीजवळून गेले, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकूने ती मूर्ती उचलून आधीच पाण्याने धुवायला घेतली होती.

सवय मोठी वाईट. महाराज दिसताच शालिग्रामने जमिनीवरची उघडी छत्री उचलली आणि चार पावलांवर मागे जाऊन उभा राहिला.

"मिटव रे ती आता!" चिंधा आबा ओरडले.

शालिग्रामला कळ सापडेना. इतक्या वर्षांत त्याने ती कधी मिटलीच नव्हती. शेवटी भूमिकाने पुढे होऊन कळ दाबली. खट्ट असा आवाज झाला आणि देवीची छत्री मिटली. पाणी कुणाच्याही विहिरीचं आटलं नाही.